बापाची कुंची

सुकापुरात राहणाऱ्या एका कुटुंबाचे तान्हे बाळ बारशाला दोन दिवस असताना हळदीसारखे पिवळे पडले आणि त्याला पनवेलच्या एका खासगी रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याच दुपारी बाळाच्या आजीने मालीशवालीवर विष घातल्याचा आरोप केला. नोकरीतली बहुतेक प्रकरणे मला कलमांवरून आठवतात. हे एक वासावरून आठवते.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो. विषबाधेचा संशय कुणी व्यक्त केला, की रुग्णालयाला पोलिसांना कळवावेच लागते. तसा निरोप आला आणि मी एका महिला हवालदारासह रुग्णालयात गेलो. बाळ काचेच्या पेटीत निळ्या दिव्याखाली होते. डोळ्यांवर पट्टी होती. त्याचे रक्त बदलावे लागेल, असे बालरोगतज्ज्ञ बाईंनी सांगितले. बाळाला आलेली कावीळ साधी नाही, रक्तातल्या लाल पेशी फुटत आहेत, कारण अजून माहीत नाही, एवढाच त्यांचा जबाब होता.

कुटुंब नोकरदार होते. आजी शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, पती हयात नव्हते. एकुलता मुलगा बँकेत. सून बेलापूरला एका कंपनीत नोकरीला, तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर. त्यांना आधीची एक मुलगी होती, बालवाडीत जाणारी. मालीशवाली गव्हाणकडची, साठीच्या आसपासची. सुकापूर, नवीन पनवेल भागातल्या अनेक घरांत ती बाळ-बाळंतिणीच्या अंगाला तेल लावायला जात असे. सगळे तिला मावशी म्हणत.

आजींची फिर्याद मोजक्या शब्दांत होती. बाईने आणलेले तेल लावल्यापासून बाळ सुस्त झाले, दूध ओढेना, मग पिवळे पडले.

"तुमचं त्या बाईशी काही वाकडं आहे का?" मी विचारले.

"माझं नाही. तिचं आहे. मी दिलेली साडी तिला पसंत पडली नाही. जिन्यात उभं राहून चार लोकांत बोलली मला."

मुलगा झाला की मालीशवालीला साडी देण्याची पद्धत आहे. त्या साडीवरून झालेल्या वादाला शेजारचे साक्षीदार होते. हेतू म्हणून हे फारच किरकोळ होते. पण याहून किरकोळ कारणावरून झालेले खूनही मी पाहिले होते, म्हणून तो मुद्दा मी सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. आवाज बाईचा होता.

"त्या घरातला आधीचा मुलगाही असाच पिवळा होऊन गेला. तेव्हाही हीच मालीशवाली होती. मुलगी मात्र ठणठणीत आहे. तिच्या वेळी ही नव्हती. एवढंच सांगायचं होतं."

निनावी फोन बहुधा अर्धे खोटे असतात. हा तपासला तर शब्दन् शब्द खरा निघाला. मुलीच्या वेळी पहिले बाळंतपण रिवाजाप्रमाणे सुनेच्या माहेरी झाले होते. त्यानंतरचा मुलगा सासरी झाला आणि काही दिवसांतच दगावला. तेव्हा 'नवजात बाळाची कावीळ' असे कारण लिहिले गेले, कुणी तक्रार केली नाही. आता तिसरे बाळ, पुन्हा मुलगा, पुन्हा सासरी, पुन्हा तीच बाई. एका घरात दोन मुलगे आणि दोघांना हात लावणारी व्यक्ती एकच. वरिष्ठांना कागद दाखवल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "अजून अटक का नाही?"

गुन्हा नोंदवला. सकाळी महिला हवालदारांनी बाईला तिच्या घरून ताब्यात घेतले. न्यायालयाने पोलीस कोठडी दिली.

सुकापूरच्या घराचा पंचनामा केला. तेलाची बाटली, बाईची पितळी वाटी, गुटीची सहाण, वेखंड, हळकुंड, जायफळ असा माल जप्त केला. बाळाच्या अंगावरचे कपडे तेलाने माखले होते म्हणून तेही घेतले. त्यांत दोन झबली, मऊ धोतराची दुपटी आणि हाताने शिवलेली, पिवळट पडलेली एक कुंची होती. कुंचीला जुनी जरीची किनार होती. कपडे पाकिटात घालून लाखेचे सील लावले आणि मुद्देमाल खोलीत जमा केले. मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदाराने कपाट बंद करताना नाक पुसले.

"साहेब, हे एक बरं झालं. आजीच्या पेटीचा वास सुटलाय नुसता. आता या कपाटात झुरळ फिरकायचं नाही."

आम्ही हसलो आणि पुढच्या कामाला लागलो.

बाईची चौकशी महिला हवालदारांसमोर केली. ती मांडी घालून भिंतीला टेकून बसली. रडली नाही. आरोपी रडतो की नाही यावरून मी कधीच काही ठरवले नाही. रडण्याचा आणि खरे बोलण्याचा संबंध नसतो.

"बाळाला काय लावलं?"

"त्येल. खोबऱ्याचा. मी घरी कढवते. सगल्या घरांना त्योच नेते."

"गुटीत काय घातलं?"

"गुटी आजी उगालते. मी हात लावत नाय. मास्तरीणबाई हाय ती, तिला दुसऱ्याच्या हाताचा चालत नाय."

"साडीवरून भांडण झालं होतं?"

"झाला व्हता ना! इरलेली साडी दिली मना. नातू झाला आन् इरलेली साडी! मी तोंडावर बोलले. ज्याला विष घालायचा हाय तो तोंडावर कशाला बोलेल, साहेब? तो ग्वाड बोलेल."

हवालदार बाईंनी लिहिता लिहिता मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्या उत्तरात तथ्य होते.

"आधीचं बाळ गेलं तेव्हाही तूच होतीस."

"व्हते. त्या पोराला मीच न्हाऊ घातला, आन् आखेरचा पन मीच न्हाऊ घातला. त्या दिवशी ही आजी माज्या गल्यात पडून रडली. आता मी मारलाय म्हनते." मग ती म्हणाली, "माज्या हातून शंभरावर पोरं गेलीत, साहेब. गेलीत मंजे मोठी झालीत. आता कोन बोलवनार मना? सोडलात तरी कोन बोलवनार?"

तिचा प्रश्न सुटकेचा नव्हता. सुटका झाली तरी संशय राहिला, तर तिचे काम संपणार होते. तान्ह्या बाळाच्या घरात संशयाला दुसरी संधी मिळत नाही.

तिचे म्हणणे आम्ही तपासले. त्याच आठवड्यात तेच तेल ती आणखी तीन घरांत वापरत होती. तिन्ही बाळे व्यवस्थित होती. प्रयोगशाळेचा प्राथमिक अभिप्राय आला, त्यात तेल आणि गुटीच्या साहित्यात विष आढळले नाही. तिकडे ठाण्याच्या आवारात दोन गट उभे राहू लागले. गव्हाणकडची माणसे म्हणत होती, "आमची बाई सोडा." इमारतीतले रहिवासी म्हणत होते, तिला सोडले तर आम्ही मोर्चा आणू. कोठडीची मुदत संपत आली होती. ती वाढवून मागायला माझ्याकडे नवीन मुद्दा नव्हता आणि सोडायला कारण नव्हते, कारण दोन मुलग्यांचे काय झाले याचे उत्तर मिळाले नव्हते.

ते उत्तर रुग्णालयातून आले. डॉक्टर बाईंनी बोलावून घेतले. बाळाचे रक्त बदलून झाले होते, प्रकृती स्थिर होती.

"रक्त बदलण्याआधी घेतलेल्या नमुन्याची एक तपासणी आज आली. आमची शंका खरी ठरतेय," त्या म्हणाल्या. "पण आधी मला आईच्या माहेरचं कुणीतरी हवंय. पुरुष असेल तर उत्तम."

बाहेर बाकावर सुनेचा धाकटा भाऊ बसला होता. सुकापुरातच दुसऱ्या टोकाला राहणारा, बांधकामावर देखरेख करणारा तरुण. भाच्यासाठी रक्तदात्यांची जमवाजमव त्यानेच केली होती.

"तुम्हाला कधी कावीळ झाली होती?" डॉक्टरांनी विचारले.

"कावीळ नाही. म्हणजे... उरणला साइटवर असताना मलेरिया झाला होता. गोळ्यांचा कोर्स दिला. दोन-तीन दिवसांत लघवी काळ्या चहासारखी आणि डोळे पिवळे. आई म्हणाली, गोळ्या उष्ण पडल्या. बंद केल्या, बरा झालो. आता ते पाकीट दिसलं तरी मी रस्ता बदलतो."

"बरं करता," डॉक्टर म्हणाल्या. "तसाच बदलत राहा."

मग त्यांनी आम्हा दोघांना बसवून सांगितले. लाल पेशींना सांभाळणारे एक द्रव्य शरीरात तयार होते. काही माणसांत ते फार कमी असते आणि हा कमीपणा जन्मतः येतो. एरवी अशा माणसाला काही त्रास होत नाही. पण विशिष्ट औषधे पोटात गेली किंवा काही पदार्थ शरीरात शिरले, की पेशी फुटू लागतात. मोठा माणूस बहुधा निभावून नेतो, तान्ह्या बाळाला मात्र ते झेपत नाही. बाळाच्या रक्तात ते द्रव्य जवळपास नव्हतेच.

"म्हणजे बाळाला कुणी औषध दिलं?" मी विचारले.

"औषधच हवं असं नाही. घरातल्या साध्या गोष्टीही असतात. उदाहरणार्थ डांबरगोळ्या. त्यांची वाफ श्वासातून जाते, कपड्यांतला अंश कातडीतून जातो."

मी तिथूनच ठाण्यात फोन लावला. मुद्देमाल हवालदाराला विचारले, "त्या दिवशी आजीच्या पेटीचा वास म्हणालास. कसला वास?"

"डांबरगोळ्यांचा, साहेब. दुसरा कसला?"

तरीही एक अडचण होती आणि ती मी डॉक्टरांसमोर मांडली. पंचनाम्याच्या वेळी आजींनी आपणहून सांगितले होते, की ही झबली-कुंची त्यांच्या मुलाची, म्हणजे बाळाच्या वडिलांची आहेत. बारशापर्यंत बाळाला नवे कापड घालायचे नाही, घरातले जुनेच घालायचे, ही रीत. घराण्यातल्या मुलग्यासाठी बापाचे कपडे जपून ठेवलेले. बाप त्याच कपड्यांत वाढला आणि त्याला काही झाले नाही. मग मुलालाच का व्हावे? मुलगा तर बापाचाच ना?

"बापाचाच," डॉक्टर म्हणाल्या. "पण या बाबतीत बापाकडून मुलाला काही मिळतच नाही. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून येतं, एक वडिलांकडून. त्यांच्यावर जनुकं असतात. नाक, रंग, उंची, सगळ्याच्या सूचना तिथे. शेवटची जोडी मुलगा की मुलगी ते ठरवते. बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. वडील मुलाला वाय देतात, म्हणून तर तो मुलगा होतो. एक्स त्याला आईकडूनच येतो. आणि या द्रव्याचं जनुक एक्सवर आहे."

"मग आईला त्रास का नाही?"

"तिच्याकडे दुसरा एक्स आहे, चांगला. तेवढ्यावर बहुधा भागतं."

"आमच्या मुद्देमालाच्या कपाटाला दोन किल्ल्या असतात," मी म्हणालो. "एक बिघडली तरी कपाट उघडतं."

"चालेल," त्या हसल्या. "मुलाकडे किल्लीच एक. ती बिघडलेली मिळाली तर दुसरी नाही. आईच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत निम्मी शक्यता."

मामाने विचारले, "डॉक्टर, माझ्या बायकोला दिवस गेलेत. मला मुलगा झाला तर?"

"मुलाला तुमच्याकडून येणार नाही. तुम्ही त्याला वाय देणार. मुलगी झाली तर तुमचा एक्स तिच्याकडे जाणारच. तिला बहुधा त्रास होणार नाही, पण पुढे तिच्या मुलग्यांना होऊ शकेल. सांगून ठेवा तिला, मोठी झाली की."

त्याच दुपारी पंच घेऊन पुन्हा सुकापूरला गेलो. आजींनी पलंगाखालची पत्र्याची पेटी स्वतः ओढून काढली. झाकण उघडताच पंचांपैकी एक जण मागे सरकला. कापडांच्या घड्यांमध्ये पांढऱ्या गोळ्या होत्या, काही झिजून वाटाण्याएवढ्या झालेल्या.

"दर दिवाळीला नव्या घालते," आजी म्हणाल्या. "कसर लागू नये म्हणून."

"बाळाला घालण्याआधी कपडे धुतले होते?"

"धुऊनच ठेवलेले होते. परत कशाला धुवायचे? विरले असते."

"आधीच्या बाळालाही हेच घातले होते?"

त्यांनी मान हलवली. मी डॉक्टरांनी सांगितलेले सगळे त्यांना सांगितले. त्या शिकवण्याच्या पेशातल्या होत्या, ऐकताना मध्ये बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे ते सुनेच्या माहेराकडून आलं."

सून दारात उभी होती, हातात रुग्णालयात न्यायचा डबा. तिने डबा ओट्यावर ठेवला.

"हो आई, माझ्याकडून आलं," ती म्हणाली. "आणि गोळ्या या घरातल्या. आता दोन्ही लिहून घेऊ दे साहेबांना. त्या मावशी कोठडीत बसल्यात."

आजी पेटीजवळच बसून राहिल्या. पुरवणी जबाबावर सही करताना त्यांनी चष्मा मागितला आणि मजकूर दोनदा वाचला. मग त्यात स्वतःहून एक वाक्य घालायला लावले: "कपडे मी घातले. मालीशवालीने नाही."

डॉक्टरांच्या लेखी अभिप्रायात आणखी एक मुद्दा होता. तेलामुळे डांबरगोळीचा अंश कातडीतून लवकर आत जातो. तेलात विष नव्हते, पण तेलाने वाट सोपी केली असण्याची शक्यता होती. हा मुद्दा वगळावा, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे होते. अभिप्राय जसा होता तसा जोडला. आधीच्या बाळाचा रक्तनमुना उपलब्ध नसल्याने त्याच्या मृत्यूबाबत निश्चित काही सांगता येणार नाही, असेही डॉक्टरांनी लिहिले होते. तेही जोडले.

पुराव्याअभावी सुटकेचा अहवाल न्यायालयात सादर केला. बाई सुटली. जप्त केलेली वाटी परत मिळावी म्हणून तिने रीतसर अर्ज केला आणि परवानगी आल्यावर ती ठाण्यात आली. वाटी पदराने पुसता पुसता तिने विचारले, "मंग माज्या त्येलाचा काय निगाला?"

अहवालात होते ते मी सांगितले.

"मंजे हात माजा पन लागला."

"मावशी, माहीत असतं तर लागला असता का?" हवालदार बाई म्हणाल्या.

"नसता लागला. पन लागला ना."

तिने पावतीवर अंगठा उठवला आणि ती गेली.

त्यानंतरच्या काळात कनिष्ठ अधिकाऱ्यांना शिकवताना मी हे प्रकरण सांगत असे. निनावी फोन करणारी खरे बोलली, आजी खरे बोलल्या, मालीशवालीही खरे बोलली. साक्षीदार खोटा असला तर तपास सोपा असतो, खोटे कुठेतरी विसंगत निघते. सगळेच खरे बोलत असतील तर कुणी सांगितलेले नाही ते शोधावे लागते. या प्रकरणात ते मामाला माहीत होते, पण त्याला कुणी विचारले नव्हते. फिर्यादीच्या घरची माणसे आम्ही तपासली होती, सुनेच्या माहेरचे कुणी तपासले नव्हते. तेव्हापासून कुटुंबातल्या प्रकरणात मी दोन्ही घरांचे जबाब घेत आलो.

गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, न्यायालयाने मंजूर केली. मूळ फिर्यादी या नात्याने आजींना नोटीस गेली होती. 'हरकत नाही' असे लिहून त्यांनी सही केली. बाळ घरी गेले. तीव्र काविळीने ऐकू येणे जाऊ शकते, म्हणून नंतर केलेल्या कानांच्या तपासणीत दोष आढळला नाही. पेटीतल्या गोळ्या आणि कुंची मुद्देमालात होत्या. गोळ्या नष्ट केल्या. कुंची परत नेण्यास कुटुंबाने लेखी नकार दिला.

बाईला सुकापुरातून बोलावणी येणे बंद झाले होते. काही महिन्यांनी मामाचा मला फोन आला.

"साहेब, त्या मालीशवाल्या मावशींचा पत्ता मिळेल का?"

गुन्ह्याच्या कागदांतला पत्ता देता येत नाही, असे मी सांगितले. निरोप हवालदार बाईंमार्फत गव्हाणला पोहोचवला.

मामाला मुलगी झाली. हवालदार बाई बाळ पाहायला गेल्या, तेव्हा मालीश चालू होती. वाटी पितळी होती. बाळाचे झबले धुऊन बाहेर उन्हात वाळत घातले होते.